मामंजी जहाजाने गेले

१९५४ सालच्या उन्हाळ्यात जहाज आलं, त्या सकाळी माझी आई तंबूबाहेर बसून आपल्या नवऱ्याचा शेंबूड पुसत होती. नवरा अजून तीन वर्षांचाही नव्हता आणि मान इकडेतिकडे वळवून तिला चुकवत होता.

"अहो, स्थिर बसा जरा," आई म्हणाली. "पूर्वीही हेच. दाढीत बर्फ अडकलेला असायचा आणि मला हात लावू द्यायचा नाहीत."

माझी भावजय निवी आत मासे चिरत होती. तिथूनच ती म्हणाली, "मामंजी, सासूबाईंचं ऐका. नाहीतर आज डोळा त्यांना देईन."

माशाचा डोळा म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. त्यांनी मुकाट्याने नाक पुढे केलं.

हल्ली हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात, म्हणून आधी नीट सांगते. आम्हा उत्तर ध्रुवाकडच्या इनुइटांत माणूस गेला की त्याचं नाव फार दिवस उघड्यावर ठेवत नसत. घरात पुढचं मूल जन्मलं की ते नाव त्याला द्यायचं, आणि नावामागोमाग सगळी नातीही त्याच्याकडे यायची. मूल मुलगा आहे की मुलगी हे कुणी बघत नसे. माझं नाव आगियाक. ते आईच्या आजीचं. म्हणून आईने मला जन्मभर 'आजी' म्हटलं, आणि मी चिडले की म्हणायची, "आमची आजी पहिल्यापासूनच तापट."

माझे वडील पालुक. एका वसंतात ते सीलच्या शिकारीला गेले आणि पातळ झालेल्या बर्फातून खाली गेले. कुत्री तेवढी घरी परत आली. त्या सकाळविषयी आई कधीच काही बोलली नाही. त्याच शरद ऋतूत माझ्या भावाला, सिमिओनीला, मुलगा झाला. आईने त्याला उचललं, त्याच्या कानात 'पालुक' म्हणून हाक मारली, आणि आमच्या घरातला कर्ता माणूस परत आला. सिमिओनी आणि मी त्याला बाबा म्हणायला लागलो. निवीचे ते मामंजी झाले. दूध पाजतानासुद्धा ती म्हणायची, "मामंजी, चावू नका."

मामंजींना कुणी रागावत नसे. वडीलधाऱ्या माणसाला रागवायचं कसं? पहिला घास त्यांचा, अंथरुणातली उबदार जागा त्यांची. बाबांचा डावा गुडघा स्लेजखाली सापडून अधू झाला होता. पोर रांगायला लागलं तेव्हा डावा पाय जरा ओढायचं. ते पाहून आई रडली, आणि रडता रडता सगळ्यांना बोलावून दाखवत सुटली.

दिवसभर तिचं त्याच्याशी भांडण चालायचं. "तुमचा तो चांगला भाला कुणाला देऊन बसलात? आठवत नाही? सोयीचं तेवढं विसरायचं." पण मधेच कधीतरी ती त्याला मांडीवर घ्यायची, तोंड त्याच्या कानाशी न्यायची, आणि काहीच न बोलता गालाला नाक लावून त्याचा वास घ्यायची. आमच्याकडे मुका असाच घेतात.

"काय सांगायचंय एवढं?" मी एकदा विचारलं.

"आहे एक. थोडे मोठे होऊ देत, समजू लागू दे. मग सांगेन."

"आम्हाला सांग की."

"ते आमचं दोघांचं आहे, आजी. तू तुझी शिवण बघ."

आईचे कान फार तिखट होते. तरुणपणी ती बाबांबरोबर शिकारीला जायची. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर आला की बाबांच्या आधी तिला कळायचं. तंबूत तिच्यापासून काही लपवणं शक्यच नव्हतं. एकदा निवी आणि मी अगदी कुजबुजत दुकानातल्या गोऱ्या कारकुनाच्या लाल नाकाची चेष्टा करत होतो. पलीकडून, पाठ फिरवून झोपलेली आई म्हणाली, "लाल नाही. जांभळं आहे."

निवी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. दूरच्या बेटावरून आली होती, आईबाप लहानपणीच गेलेले. खाडीच्या पलीकडे मिशनचं पांढरं घर होतं. खऱ्या काचेच्या खिडक्या असलेलं. तिथे पाद्रीबाई राहायच्या. लग्न होऊन आली त्या वर्षी निवीला जबर ताप आला, तेव्हा बाईंनी तिला आपल्या घरात, आपल्या पलंगावर ठेवून घेतलं आणि बरी केली. तेव्हापासून निवी त्यांच्याकडे धुणंभांडी करायला जायची. बाई आमची भाषा बोलायच्या, दात पडलेल्या माणसासारखी, पण न अडखळता. त्यांनी निवीला वाचायला शिकवलं, लोकरीचं विणायला शिकवलं. बाई वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता सगळ्या गोऱ्यांना एकाच टोपलीत टाकायची पद्धत पडली आहे.

जहाज आलं त्याच्या आधीच्या थंडीत बाईंसाठी शिवलेले सीलच्या कातड्याचे बूट द्यायला मी गेले, तेव्हा निवी त्यांच्या स्वयंपाकघरात होती. मामंजी टेबलाखाली खेळत होते. बाईंनी बुटांचं कौतुक केलं, मला चहा दिला. तेवढ्यात मामंजींनी हात वर करून निळ्या फुलांचा एक कप ओढला. कप फुटला.

निवी हसली. आमच्या घरी हसली असती तशीच. "मामंजींचा हात पहिल्यापासून असाच. वन्सं, आठवतं ना? किटली फोडली होती यांनी."

"तू घरात यायच्या आधी," मी म्हणाले.

बाईंनी तुकडे गोळा केले. रागावल्या नाहीत. निवीसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "निवी, हा तुझा मुलगा आहे. तू याला जन्म दिलास. याचं नाव टॉमस. मी स्वतः याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं. आईच मुलाला सासरा म्हणायला लागली, तर त्याला वळण कोण लावणार?"

निवीने मामंजींना टेबलाखालून ओढून मांडीवर घेतलं.

"आणि ती म्हातारी. तीन वर्षांच्या पोराला नवरा म्हणते. लोक ऐकतात. तुझ्याबद्दल त्यांना काय वाटेल? तू यांच्यातली सगळ्यात हुशार मुलगी."

निवीचे कान लाल झाले. मी चहा तसाच ठेवून उठले. परतताना निवी बर्फावरून माझ्या पुढेच चालत राहिली. मामंजी तिच्या पाठीवरच्या टोपीत झोपले होते. आमच्या बायकांच्या अंगरख्याला पाठीशी मोठी टोपी असते, मूल तीतच वाढतं. तंबू दिसायला लागल्यावर तिने मला विचारलं, "वन्सं, आपण घाणेरडे दिसतो का हो?"

"कुणाला?"

"त्यांना."

मी म्हणाले, "त्यांचे पाय बघ एकदा. शिवल्याशिवाय बूट नाही, आणि शिवायचं कुणी? आपण."

ती हसली नाही. त्या दिवसापासून पोराला दोन नावं झाली. मिशनच्या घरी टॉमस, तंबूत मामंजी. पोर मात्र एकाच नावाला वळायचं. टॉमस म्हटलं की ते मागे बघायचं, कोण आलंय म्हणून.

तर जहाज आलं. सिमिओनी तेव्हा उन्हाळी शिकारीला रेनडिअरच्या मागावर आत डोंगरात गेला होता. जहाजात डॉक्टर होते, छातीचे फोटो काढायचं यंत्र होतं. त्या वर्षांत आमच्या माणसांना क्षयाने धरलं होतं. लहानमोठ्या सगळ्यांनी जहाजावर जायचं, असं पोलीस तंबूतंबूतून सांगून गेला. गळ्यात प्रत्येकाचा सरकारी नंबराचा बिल्ला हवा. आमची नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून बिल्ले.

निवीने बाईंच्या साबणाने केस धुतले, अंगरख्याखाली बाईंनी दिलेला फ्रॉक घातला. आई म्हणाली, "लग्नाला चाललीस का?" निवी म्हणाली, "सासूबाई, तिथे जरा कमी बोला."

"मी कुठे बोलते? हे बोलतात," आई म्हणाली आणि पोराकडे बोट दाखवलं.

जहाजावर पडद्याआड आम्हा बायकांना कमरेपर्यंत उघडं केलं आणि लोखंडाच्या गार पत्र्याला छाती टेकवून उभं केलं. मग नर्स एक काडी घेऊन केस बघायला लागली. निवीची पाळी आली तेव्हा पाद्रीबाई शेजारीच उभ्या होत्या. डॉक्टरांचं बोलणं आम्हाला समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. नर्सने निवीचे धुतलेले केस वर केले, काडी फिरवली, आणि एक ऊ निघाली. एकच. बाई लगेच दुसरीकडे बघायला लागल्या. तो त्यांचा चांगुलपणा. निवीला तोच लागला.

आम्ही डेकवर बसून राहिलो. वारा नव्हता, डास नव्हते, मामंजी दोरखंडाच्या वेटोळ्यात बसून सगळ्यांना हुकूम सोडत होते. दुपार कलली तेव्हा आम्हाला खाली डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. आई, निवी, मी, आणि निवीच्या पाठीवर मामंजी.

डॉक्टर बोलले. बाईंनी ऐकून घेतलं, ओठ आवळले आणि सांगितलं, "टॉमसच्या छातीत डाग आहे. त्याला दक्षिणेला दवाखान्यात न्यावं लागेल. वर्ष, कदाचित दोन. इथे राहिला तर जगणार नाही."

"मी येते," निवी म्हणाली.

"तू आजारी नाहीस. निरोगी माणसांना नेत नाहीत."

निवीने दोन्ही हात मागे नेऊन टोपीतल्या पोराला धरलं. नर्सने पुढे होऊन पोराच्या हातावर शाईने खूण केली. ते आपल्या हाताकडे बघत राहिलं.

"जहाज भरतीला निघेल," बाई पुढे म्हणाल्या. "तोपर्यंत घरातलं एक माणूस त्याच्याजवळ बसू शकतं. बाकीच्यांनी किनाऱ्यावर जायचं."

आई पुढे सरकली. "मी बसते. निवी, तू त्यांना पाज आणि माझ्याकडे दे. मला त्यांच्याशी बोलायचंय. आता मोठं व्हायची वाट बघायला नको."

डॉक्टरांनी विचारलं असावं म्हातारी काय म्हणते म्हणून, कारण बाईंनी आईकडे वळून विचारलं, "तू कोण त्याची? त्यांना लिहून घ्यायचंय."

"मी? मी बायको," आई म्हणाली.

बाईंनी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर हसले. नर्स हसली. दारात उभा असलेला एक खलाशीही हसला. आमच्या घरी या गोष्टीवर रोजच हसायचे लोक. आईला वाटलं तेही तसेच हसतायत. ती खूश झाली. "सांगा त्यांना," ती बाईंना म्हणाली, "दात नुकतेच आलेत ह्यांना, पण चावा पूर्वीसारखाच."

बाईंनी तेही सांगितलं. डॉक्टरांनी हसून चष्मा काढून पुसला. आई त्यांच्याबरोबर हसत होती, उघड्या तोंडाने, उरलेले चार दात दाखवत. निवी भिंतीला लागून उभी होती. तिच्या गालांवर लाल चट्टे उठले होते. मी तिच्याजवळच होते. तिच्या केसांना बाईंच्या साबणाचा वास येत होता.

मग नर्सने हसू आवरून काहीतरी विचारलं. बाई निवीकडे वळल्या.

"त्या विचारतायत, म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना? भ्रमिष्ट माणसाला त्या पोराजवळ बसवणार नाहीत. तूच सांग, निवी. त्यांना सांगू का मी, ही तुमच्यातली रीत आहे म्हणून?"

बाईंनी विचारलं, हे खरं आहे. निवीने होकाराची मान नुसती हलवली असती तरी पुरलं असतं.

निवी बाईंच्या कानाशी झुकली. आवाज अगदी खालचा, श्वासाएवढा. "आमच्यात असं नसतं," ती म्हणाली. "सासूबाई म्हाताऱ्या झाल्यात, काहीही बोलतात. त्यांचं मनावर घेऊ नका. मुलाचं नाव टॉमस. दुसरं काही नाव नाही."

मी ऐकलं. आई माझ्या पलीकडे, दाराशी, खलाशाला आपले दात दाखवत होती.

बाईंनी क्षणभर निवीकडे पाहिलं. मग डॉक्टरांना सांगितलं. खलाशाने आईच्या कोपराला धरलं, उद्धटपणे नाही, आजारी माणसाला धरतात तसं, आणि तिला जिन्याकडे वळवलं.

"हे काय?" आई म्हणाली. "मला बसायचंय ना?"

"निवी बसेल," बाई म्हणाल्या. "आईने बसलेलं बरं."

"बसू दे की. मला नुसतं एक बोलायचंय. त्यांच्या कानात. मग जाते."

"नर्स नको म्हणतात. रोग पसरतो."

आईने निवीकडे पाहिलं. निवी पोराला टोपीतून काढत होती, तिने मान वर केली नाही. मग आईने आपली टोपी डोक्यावर ओढली, एकदम, उभ्या उन्हाळ्यात, आणि जिना चढायला लागली. खालून नर्सचा आवाज आला, "टॉमस, टॉमस." पोर गप्प होतं. मागे वळून बघत असेल, कोण आलंय म्हणून.

होडीत आई जहाजाकडे तोंड करून बसली. किनाऱ्यावर उतरल्यावर तंबूत न जाता ती खडकावर जाऊन बसली. मी तिच्याजवळ बसले. जहाजाचा भोंगा झाला. जहाज वळायला लागलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "पालुक!" पण कुत्र्यांनी भोंग्याला उत्तर द्यायला सुरुवात केली होती. शंभर कुत्री तोंड वर करून रडत होती. त्या आवाजात माझ्याही कानांपर्यंत तिची हाक नीट आली नाही.

जहाज खाडीच्या टोकाआड गेल्यावर ती खाली बसली.

"आजी," ती म्हणाली, "त्या सकाळी घरात खायला काही नव्हतं. हे आदल्या दिवशीही मोकळ्या हातांनी आले होते. मी भांडले. म्हणाले, आजही रिकाम्या हातांनी यायचं असेल तर येऊच नका."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणून ते पातळ बर्फावर गेले. एरवी गेले नसते. त्यांना बर्फ कळत होता." तिने हातांतला एक खडा दुसऱ्या हातात घेतला. "एवढंच सांगायचं होतं, की रिकाम्या हातांनी आलात तरी चालेल. आज सांगून टाकलं असतं. आता दुसऱ्यांदा गेले, तेही न ऐकताच."

जहाज सुटायच्या आधीच निवी शेवटच्या होडीने उतरली होती, पण घरी उशिरा आली. पाठीवरची टोपी सपाट पडलेली. तंबूत येऊन ती दाराशीच बसली, आत आली नाही. आईने सीलच्या चरबीच्या दिव्यावर चहा ठेवला. सकाळचा मासा तसाच होता. तिने डोळा काढला, निवीचा हात ओढून तिच्या तळहातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "मामंजींचा वाटा आहे. वाया घालवायचा नाही."

निवीने तो खाल्ला. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आई दिव्याकडे तोंड करून बसली होती. त्या दिवसाविषयी त्या दोघी पुढे कधीच एकमेकींशी बोलल्या नाहीत. खडकावरचं सगळं मी निवीला सांगितलं. जहाजावर मी काय ऐकलं, ते नाही सांगितलं.

निवी मिशनमध्ये जायची बंद झाली. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा स्वतः आल्या. निवीने त्यांना बसायला कातडं घातलं, चहा दिला, आणि त्या असेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जहाज पुन्हा आलं. नर्सकडून बाईंनी बातमी आणली. टॉमस बरा आहे, वजन वाढतंय. फक्त त्याला ऐकू येत नसावं असं डॉक्टरांना वाटतं. हाक मारली की बघत नाही. कानांची तपासणी चालू आहे.

निवी तशीच्या तशी नर्सकडे गेली. "त्याला पालुक म्हणून हाक मारा," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्या रांगेसमोर. बाईंनी ते नर्सला सांगितलं. नर्सने मान हलवली आणि पुढच्या बाईचे केस वर केले.

त्या थंडीत आई अंथरुणाला खिळली. निवीला पुन्हा दिवस होते. एके सकाळी आईने तिला जवळ बोलावलं आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

"मुलगा असो, मुलगी असो, माझंच नाव ठेव. दुसऱ्या कुणाचं ठेवू नकोस."

"सासूबाई, असं काय बोलता?"

"मला ह्यांची वाट बघायचीय. पडून राहून कशी बघू? पाय हवेत."

आठवडाभरात ती गेली. बर्फ वितळायच्या आत मुलगी झाली. निवीने तिच्या कानात 'उलायुक' म्हणून हाक मारली. ते आईचं नाव. बाईंनी पाणी घालून तिचं नाव मेरी ठेवलं, निवीने ठेवू दिलं. पण मिशनच्या दारातच, बाईंना ऐकू जाईल अशा बेताने, ती मुलीला म्हणाली, "चला सासूबाई, घरी जाऊ."

पालुक १९५८ साली परत आला. सहा-सात वर्षांचा. सिमिओनी, निवी, मी, सगळे पाण्यापर्यंत गेलो होतो. पाद्रीबाईही आल्या होत्या. होडीतून एका खलाशाने त्याला उचलून खाली ठेवलं. कातरलेले केस, चामड्याचे कडक बूट. सोबत काही नव्हतं. दवाखान्याने सगळं जाळून टाकलं होतं. आमच्या तंबूंकडून येणाऱ्या चरबीच्या वासाने त्याने नाक मुरडलं आणि मग, कुणी पाहिलं की काय म्हणून, हात खिशात घातले. आमची भाषा तो पार विसरला होता. सिमिओनी "बाबा" म्हणाला, त्याने पाहिलं नाही. मी म्हणाले, त्याने पाहिलं नाही. निवी मुलीचा हात धरून मागेच उभी होती.

तेव्हा धाकटी उलायुक निवीचा हात सोडून पुढे गेली. सव्वादोन वर्षांची होती ती. चालताना अजून डुलायची. निवीने तिला काय शिकवून ठेवलं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. रोज शिकवलं असणार. ती त्याच्यासमोर उभी राहिली, मान वर करून.

"अहो," ती म्हणाली. "रिकाम्या हातांनी आलात तरी चालेल."

किनाऱ्यावर कुणीतरी हसलं. होडीतले खलाशी बघायला लागले. पालुकने घाबरून पाद्रीबाईंकडे पाहिलं, तिथे त्यांचाच चेहरा त्याला ओळखीच्या जातीचा वाटला असेल. "ही काय म्हणते?" असं त्याने इंग्रजीत विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. पण निवी पुढे झाली. बाईंनीच शिकवलेलं तिचं मोडकंतोडकं इंग्रजी होतं, तेवढ्यात तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "ही तुमची बायको. म्हणते, घरी चला." मग ती वाकली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "मामंजी, चला."

त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही. पण धाकटीने त्याच्या खिशात हात घालून त्याचा हात बाहेर ओढला, आणि तो चालायला लागला.

पाद्रीबाई तीन-चार वर्षांनी दक्षिणेला गेल्या त्या परत आल्या नाहीत. जाताना त्यांनी निवीला निळ्या फुलांचे उरलेले कप दिले. निवीने ते वापरले, एकेक करून फुटले. सिमिओनी म्हातारा होऊन, चांगलं खाऊनपिऊन गेला. पालुक नव्या वस्तीत रस्त्यावरचा बर्फ काढायचं मोठं यंत्र चालवायचा. कामावर सगळे त्याला टॉमस म्हणत. आमची भाषा तो परत शिकला, पण ती त्याच्या तोंडात कायम जरा लंगडत राहिली, बाबांच्या गुडघ्यासारखी. आता तो निवृत्त आहे. धाकटी उलायुक शाळेत शिकवते आणि अजूनही त्याला 'अहो' म्हणते. तिचा खरा नवरा त्यावर कंटाळा येईपर्यंत विनोद करतो. मला मात्र आजी म्हणते ती, लहान होती तेव्हापासून. बाकी सगळ्यांचीही मी आता आजीच, पण ती म्हणते तेव्हा ते वेगळं असतं.

निवी गेली त्याला नऊ वर्षं झाली. वस्तीच्या दवाखान्यात, स्वच्छ चादरीवर. पालुक पायाशी बसून होता. ती त्याला म्हणाली, "मामंजी, तुम्ही जरा बाहेर बसा. मला वन्संशी बोलायचंय."

तो गेल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"वन्सं, तुम्ही तिथे होता. खरं सांगा. जहाजावर मी बाईंना जे सांगितलं, ते सासूबाईंनी ऐकलं होतं का?"

इतकी वर्षं तिने मनात ठेवलं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "ती दाराशी होती, खलाशाशी बोलत. आणि तोवर तिला कमी ऐकू यायला लागलं होतं."

निवीने डोळे मिटले. माझं मनगट सोडलं. मग मी पालुकला आत बोलावलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर खाडी गोठली होती. माझी आई बर्फाखालच्या सीलचा श्वास ऐकायची.